"नीट आठवून सांग" असं मी म्हणायचे

मागच्या भागानंतर अनेकांनी विचारलं, अशा केसमध्ये वकील वेगळं काय करणार? आधी माझीच चूक सांगते.

माझी पहिली पोक्सोची केस. शाळेत जाणारी मुलगी, सोबत आई. मी फाईल उघडली. "कुठली तारीख? आधी काय झालं, मग काय झालं?" ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बाळा, नीट आठवून सांग." पुढच्या वेळी ती आलीच नाही.

जबर भीतीत मेंदू सगळं ओळीने साठवत नाही हो. पंख्याची घरघर लख्ख आठवते, वार आठवत नाही. उलटतपासणीत यालाच 'विसंगती' म्हणतात. आणि आपल्याच बाजूचे वकील तिच्याकडून पुन्हा पुन्हा तेच वदवून घेतात!

आता पहिल्या भेटीत माझी फाईल बंद असते. कुठे बसायचं ते ती ठरवते. साक्षीआधी एकदा रिकामं कोर्ट दाखवून आणते.

कायदा आहे, पण तो मागून घ्यावा लागतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम ३३ : सरकारी असो की आरोपीचा, वकिलाने प्रश्न कोर्टाकडे द्यायचे, मुलीला ते कोर्ट विचारणार. मध्ये विश्रांतीही मागता येते. कलम ३६ : साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेसमोर नको. कलम ४० : घरच्यांना पसंतीचा वकील घेता येतो. हे शेवटचं तर कित्येक आईबापांना ठाऊकच नसतं.

मध्यंतरी एका मुलीने साक्ष देता देता माझ्याकडे पाहिलं. मी विश्रांती मागितली. दहा मिनिटं आम्ही बाहेर बाकावर बसलो, काहीच बोललो नाही. मग तीच उठली. "चला मॅडम."