घर सोडण्याचे कारण

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

शिबिरात मी नेहमी केसेसबद्दल बोलते. आज मात्र ज्या दिवशी मी काहीच काम केलं नाही, अशा एका दिवसाबद्दल बोलणार आहे.

गेल्या जानेवारीत एका कार्यशाळेसाठी जोधपूरला गेले होते. परतीच्या गाडीआधी एक दिवस मोकळा होता. तिथल्या मैत्रिणीची जुनी मारुती मागून घेतली आणि सकाळी सातला एकटीच पोकरणच्या रस्त्याला लागले. जाऊन-येऊन साधारण साडेतीनशे किलोमीटर. एम.एस.डब्ल्यू. होऊन मला बारा वर्षं झाली. या काळात एस.टी., जीप, प्रसंगी ट्रकनेही फिरले. पण दर वेळी मोर्चा, पंचनामा, कोर्टाची तारीख असं काहीतरी कारण होतं. बिनकारणाचा हा पहिलाच प्रवास. खरं सांगते, तासभर अपराधी वाटत होतं.

थरचं वाळवंट म्हणजे सगळ्या वाळूच्या टेकड्या नव्हेत. बालेसर मागे पडलं की खडकाळ माळ, रुईची झुडपं आणि खेजडीची झाडं लागतात. खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो ती शमी. मैलोगणती माणूस दिसत नाही. मी मोठमोठ्याने गाणी म्हटली.

चहासाठी एका ढाब्यावर थांबले. मालकाने सहज विचारलं, ‘साथ में कौन है?’ आणि मी म्हणाले, ‘पती पीछे की गाडी में आ रहे हैं.’ मैत्रिणींनो, माझं लग्न झालेलं नाही. ‘भिऊ नका’ असं बायकांना सांगणारी मी, एका साध्या प्रश्नाला न घडलेला नवरा पुढे करून मोकळी झाले. त्या माणसाने काहीच वावगं केलं नव्हतं. भीती मी बरोबर घेऊनच आले होते.

देचूच्या पुढे रस्त्याकडेला एका टांक्यावर दोघी पाणी भरत होत्या. टांका म्हणजे आपल्या गडांवर असतं तसं टाकं. भोवतालच्या उतरत्या जमिनीवरचं पावसाचं पाणी त्यात साठवतात. मी पाणी मागितलं. थोरलीने दिलं, गाडीत डोकावून पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘घरी भांडण झालं का?’ मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही. ‘चार दिवस माझ्याकडे राहा, मग बघू,’ ती म्हणाली.

तिच्या मायेने माझे डोळे भरून आले. पण पुढे गाडी चालवताना आपल्या केंद्राचा अर्ज आठवला. त्यात एक रकाना आहे : ‘घर सोडण्याचे कारण.’ मारहाण, हुंडा, दारू, संशय. त्या बाईला जे वाटलं, तेच आपल्या अर्जालाही वाटतं. बाई एकटी रस्त्यावर दिसली, म्हणजे तिच्यावर काहीतरी कोसळलं असणार! दुःखाने बाहेर पडलेली बाई आपल्याला ओळखू येते. आनंदाने बाहेर पडलेल्या बाईसाठी आपल्याकडेही रकाना नाही.

सौदी अरेबियात ६ नोव्हेंबर १९९० रोजी ४७ स्त्रियांनी रियाधच्या रस्त्यांवर गाड्या चालवल्या. त्यांचे पासपोर्ट जप्त झाले, सरकारी नोकरीतल्या निलंबित झाल्या. बंदी उठली ती २४ जून २०१८ रोजी. आणि त्याआधी महिनाभर, मे महिन्यात, हाच हक्क मागणाऱ्या कार्यकर्त्या तुरुंगात टाकल्या गेल्या. आपल्याकडे अशी बंदी कधीच नव्हती. देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्येच आहे. आपल्याला अडवायला ‘सोबत कोण?’ एवढे दोन शब्द पुरतात.

मला गाडी मिळाली, लायसन होतं, पेट्रोलला पैसे होते. टांक्यावरच्या बायका घागरी डोक्यावर घेऊन पायी गेल्या. हा फरक मी विसरलेले नाही. पण निघताना धाकटीने घुंघटाआडून एकच गोष्ट विचारली होती : ‘गाडी शिकायला किती दिवस लागतात?’ तिला माझं दुःख विचारायचं नव्हतं. मी म्हटलं, महिनाभर. सासू हसली, ती हसली नाही.

परतताना त्या ढाब्यावर थांबून खरं सांगावं असं ठरवलं होतं. पण अंधार पडत आला होता. मी थांबले नाही, सरळ जोधपूर गाठलं. तेवढं धैर्य अजून कमवायचं आहे.

म्हणून दोन सूचना करते. पुढच्या शिबिरात अर्धा दिवस पूर्ण मोकळा ठेवू या. कुणी कुठे गेलं, कशाला गेलं, हे विचारायचं नाही. आणि आपल्या गटातल्या ज्यांना सायकल, स्कूटर, गाडी शिकायची आहे, त्यांची यादी आजच करू या. पुढे कारण लिहिण्याचा रकाना नको.