आपल्यातली वकील, आपल्यातली खासदार
(मेळाव्यातलं भाषण)



दाव्याचा कागद आला की आम्ही बारावी शिकलेली पोरंसुद्धा वकिलाच्या दारात ताटकळतो. म्हणून आज ब्राझील देशातल्या एका आदिवासी बाईची गोष्ट सांगतो.

नाव जोएनिया वापिशाना. वापिशाना ही त्यांची जमात, रोराइमा हे राज्य. १९९७ साली त्या वकिलीची परीक्षा पास झाल्या. त्या देशातल्या पहिल्या आदिवासी बाई वकील. मग पैशामागं न जाता आदिवासी गावांच्या संघटनेचं काम केलं.

तिथं रापोसा सेरा दो सोल भागात पाच जमाती राहतात. भाताचे मोठे बागायतदार आत घुसले होते. २००५ साली सरकारनं सुमारे १७ लाख हेक्टर जमीन आदिवासींची म्हणून मान्य केली, तर त्याविरुद्ध कोर्टबाजी झाली. २००८ साली जोएनियाताई तोंडाला आपला रंग लावून देशाच्या सर्वोच्च कोर्टात उभ्या राहिल्या. तिथं बोलणारी ती पहिली आदिवासी वकील. २००९ साली निकाल लागला. अटी घातल्या, पण जमीन अखंड राहिली. बागायतदारांना निघावं लागलं.

२०१८ साली त्या खासदार झाल्या. ५१३ खासदारांच्या सभागृहात निवडून आलेली पहिली आदिवासी बाई. २०२२ साली पडल्या. खुर्ची गेली, जमीन मात्र गावांकडंच राहिली. कारण खासदारकीच्या कितीतरी आधीपासून गावं एकजुटीनं लढत होती.

तर भावांनो, पोरींना वकिलीला धाडूया. पण त्या येईपर्यंत ग्रामसभा सोडायची नाय, कसलेली जमीन सोडायची नाय.

जिंदाबाद!