रानातली भाजी फुकट नसते

(गडब येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय मला दिला आहे तो 'रानभाज्या आणि आपण'. निरोप देताना मला सांगण्यात आले, "ताई, कृती सांगा, बायकांना आवडेल." कृती मी सांगणारच आहे. पण ती भाजी कुणी खुडली, कुठून आणली आणि पुढच्या पावसात तिला ती आणता येईल का, हे प्रश्नही मी सोबत आणले आहेत. चुलीपर्यंत पोचलेल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणाचे तरी श्रम आणि कुणाचा तरी हक्क असतो, हे आपण चळवळीत शिकलो. मग रानभाजी त्याला अपवाद कशी असेल?

आपले गडब कुठे वसले आहे ते पाहा. एका अंगाला खाडी आणि खारजमीन, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधून मुंबई-गोवा रस्ता. खाडीकडे आम्ही आगरी, डोंगराकडे कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या. न पेरलेले अन्न आपल्याकडे दोन्ही बाजूंनी येते. खाडीतून चिंबोऱ्या, निवट्या, खुबे, कालवे आणि पहिल्या पावसाला वलगणीचे मासे. रानातून आणि बांधावरून शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, कुड्याच्या शेंगा, बांबूचे कोंब, श्रावणात वारुळाजवळ उगवणारी आळंबी. माझ्या सासूबाई आषाढात बाजारची भाजी घरात येऊ देत नसत. म्हणायच्या, "देवाने दिलेय ते आधी खा, मग पैसे मोजा."

आता शेवळ्याची कृती. पावसाच्या तोंडावर शेवळे जमिनीतून वर येते. वरचे जांभळट आवरण उकलायचे, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचे बारीक चिरून काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायचे. काकड नसतील तर चिंच. आंबट घालायला विसरलात तर घसा खाजून हैराण व्हाल, कारण या वनस्पतीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. हे नाव मी पुस्तकात वाचले. पण शेवळे आणि काकड एकाच वाट्यात विकायला मांडणाऱ्या कातकरी बाईला खाज आणि तिचा उतारा ही दोन्ही ठाऊक असतात. पुस्तक तिच्या मागून आले.

कडू कंदाचे तसेच. तो खणायचा, कापायचा, राख घालून उकडायचा आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. एका जेवणासाठी दोन दिवसांचे काम! आणि खणताना कंदाचा वरचा कोंब पुन्हा मातीत पुरायचा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच कंद मिळतो. हे शास्त्र आयांनी लेकींना शिकवले. त्याला ना प्रमाणपत्र, ना पगार.

हे श्रम न दिसण्याचा रोग जुना आणि जगभरचा आहे. १९६६ साली शिकागोत शिकार आणि अन्नसंकलनावर जगणाऱ्या समाजांवर एक मोठी परिषद भरली. तिच्यावर निघालेल्या ग्रंथाचे नाव 'मॅन द हंटर', म्हणजे शिकारी पुरुष! पण त्याच परिषदेत रिचर्ड ली यांनी कालाहारी वाळवंटातल्या कुंग लोकांचा जो हिशेब मांडला, त्यात निम्म्याहून जास्त अन्न वनस्पतींचे होते आणि ते मुख्यतः बायका गोळा करीत होत्या. सॅली स्लोकम या अभ्यासिकेने पुढे सत्तरच्या दशकात नेमके यावरच बोट ठेवले. अन्न गोळा करणारी बाई समोर असून अभ्यासकांना शिकारीच दिसत होता. आपल्या देशात एन. एस. जोधा यांनी सात राज्यांतल्या कोरडवाहू गावांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला. गायराने, जंगल, तळी अशा सामाईक साधनांतून गरीब कुटुंबांना उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के भाग मिळतो, असे त्यात दिसले. हा भाग आणते कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता कातकरी बाईचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. दिवाळीनंतर कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाते. पावसाच्या तोंडावर परत येते. पुष्कळदा उचल फिटलेली नसते, हातात पैसा नसतो, भाताला अजून महिने असतात. त्या दिवसांत रान, ओढा आणि खाडी घर चालवतात. ज्या घरात कंद, चिंबोरी, भाजी येते, त्या घराला मुकादमाकडे जरा उशिरा आणि जरा कमी पैशांसाठी जावे लागते. रान बंद झाले की उचल वाढते. उचल वाढली की भट्टीवरचा मुक्काम वाढतो, पोरांची शाळा सुटते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, पण भुकेच्या दिवसांत बाईला मुकादमाला 'नाही' म्हणता यावे एवढे बळ नुसत्या कायद्याने येत नाही. ते थोडेफार या रानातून येते. म्हणून मी रानभाजीला चवीचा विषय मानत नाही.

हल्ली शहरातून मंडळी येतात. निसर्गाकडे परत चला, रानातले खाऊन राहू या, म्हणतात. त्यांची ओढ खोटी नाही. पायाखालचा टाकळा ओळखता आला तर माणूस तो तुडवत नाही, हेही खरे. पण त्यांना मी एवढेच सांगते, की नुसत्या पाल्यावर पोट भरत नाही. पाल्यात लोह आहे, जीवनसत्त्वे आहेत, पण शेतात राबायला लागणारी ताकद तांदूळ, नाचणी, कंद आणि मासळीतून येते. आपल्या वाडीतल्या बायकाही केवळ रानावर जगत नाहीत. रेशन, मजुरी, दळीच्या जमिनीवरची नाचणी-वरी आणि रान अशा चार काठ्यांवर त्यांचे छप्पर उभे आहे. त्यातली एक काढली तर बाकीच्या तिघींवर भार येतो. रेशन कार्ड नसलेल्या बाईला 'तुम्ही किती छान नैसर्गिक खाता' म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

२०२० साली शासनाच्या कृषी विभागाने ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनी राज्यभर रानभाजी महोत्सव भरवले. चांगले झाले, भाजीला मान मिळाला. पण भाजी आणणारीला? ती पहाटे निघते, डोंगर चढते, विंचूकाट्यातून खुडते, निवडते, जुड्या बांधते, डोक्यावरून बाजारात आणते आणि दिवसभर उन्हापावसात बसते. आपण तिच्याशी दोन-पाच रुपयांवरून हुज्जत घालतो, वर म्हणतो, "रानातलीच आहे ना, फुकटची!" रानातली भाजी फुकट नसते. तिची किंमत बाईच्या पायांनी मोजलेली असते.

आणि ते रान कुणाचे? १९३० च्या २५ सप्टेंबरला आपल्याच जिल्ह्यात चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. जंगलावर गावाचा हक्क, हीच ती मागणी होती. तो हक्क कायद्यात यायला २००६ साल उजाडले. वनहक्क कायद्याने रानातले गौण उत्पादन गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क पिढ्यानपिढ्या रानावर जगणाऱ्यांना दिला. त्यात मध आहे, बांबू आहे, औषधी वनस्पती, मुळे आणि कंदही आहेत. जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवावा, असे त्यात लिहिले आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बायका हव्यात. म्हणजे आपण गेलो नाही तर सभाच पुरी होत नाही!

खाडीकडचे पाहा. खारफुटी तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली आणि २०१८ साली ती कायम केली. खारफुटी म्हणजे चिंबोऱ्यांचे आणि मासळीच्या पिल्लांचे माहेर. तिथे भराव पडला की आधी बाईची टोपली रिकामी होते. तसेच बांधावर तणनाशक मारले की कुर्डू, घोळ, टाकळा सगळे जळते. त्याला 'तण' हे नाव देताना बाईला कुणी विचारले होते?

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. एक, वनहक्काची ग्रामसभा असेल त्या दिवशी वाडीतल्या बायकांना सोबत घेऊन जायचे, त्यांची मजुरी बुडू नये याची सोय मंडळाने करायची. दोन, सामूहिक दाव्यात भाज्यांची, कंदांची आणि त्या मिळतात त्या जागांची नावे बायकांना विचारून लिहायची. तीन, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीत एक-तृतीयांश बायका असल्या पाहिजेत, असा नियम आहे. तिथे वाडीतली जाणती बाई बसली पाहिजे. चार, रानभाजीच्या वाट्यावर घासाघीस करायची नाही, आणि भारंगी ओरबाडून मुळासकट उपटलेली दिसली तर विकत घ्यायची नाही.

पहिला पाऊस झाला की रस्त्याच्या कडेला शेवळे आणि काकड घेऊन बायका बसतील. वाटा घेताना तिला विचारा, "बाई, कुठल्या रानातून आणलेस? तिथे जायला कुणी अडवते का?" ती जे सांगेल, ते लिहून आणा. आपली पुढची बैठक त्याच कागदावरून सुरू करू.

एवढे बोलून थांबते.