चुलीजवळची शाळा

(फुलसावंगी, ता. महागाव, जि. यवतमाळ येथे माता मेळाव्यात दिलेलं भाषण)



कापूस वेचणीचे दिवस आहेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणी आजची मजुरी सोडून इथे आल्या आहेत. एका दिवसाची मजुरी म्हणजे घरातलं तेल-मीठ आणि लेकराची वही. तुमचा वेळ किती मोलाचा आहे हे लक्षात ठेवूनच मी बोलते.

आजचा विषय आहे रोजचं ख्रिस्ती जीवन आणि आई लेकरांना देते ते धडे. विषय कळल्यावर एक बहीण मला म्हणाली, "ताई, मले तर सही बी येत नाही. मी लेकराले काय शिकवणार?" हा प्रश्न इथल्या पुष्कळ जणींच्या मनात असेल. त्याचं उत्तर आपण शास्त्रात शोधू या.

प्रेषित पौलाने तीमथ्याला दुसरं पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता आणि आपला शेवट जवळ आला हे त्याला कळलं होतं. अशा वेळी माणूस मोजकंच बोलतो. त्या मोजक्या बोलण्यात, पहिल्याच अध्यायात, पौल दोन बायकांची नावं घेतो. तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके. जो विश्वास तीमथ्यात आहे तो आधी या दोघींमध्ये होता, असं तो सांगतो. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये आपण वाचतो की तीमथ्याचे वडील ग्रीक होते. त्यांच्या विश्वासाविषयी शास्त्र काहीच बोलत नाही. म्हणजे घरातली सगळी माणसं एका वाटेने चालत होती, असं दिसत नाही. तरीही त्या घरातून मंडळीचा एक विश्वासू सेवक निघाला.

आपल्या यवतमाळ शहरात अनेक वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. १९८३ साली ती पुण्याला गेली. तिथे कितीतरी पाळक तयार झाले आणि त्याबद्दल आपण देवाचे उपकार मानतो. पण सेमिनरीत माणूस जातो तो विशी-पंचविशीत. त्याच्या आधीची वीस वर्षं तो ज्या शाळेत असतो, ती शाळा चुलीजवळ भरते. तिथे फळा नसतो, हजेरी नसते. मास्तरीण भाकरी थापत असते आणि लेकरू बघत असतं.

आपल्या मराठी मंडळीतलं एक मोठं उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. रमा शिकण्याच्या वयाची झाली तोवर वडील थकले होते, म्हणून आईने तिला शिकवलं. दिवसभर घरकाम आणि यात्रेकरूंची पायपीट. मग वेळ कुठला? तर पहाटेचा. पाखरं बोलू लागली की आई मुलीला हलकेच उठवायची, जवळ घ्यायची आणि पाठ म्हणून घ्यायची. सगळं तोंडी. रमाबाईंना हजारो श्लोक पाठ झाले ते असे.

लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या. त्यांनी मुलीला येशूचं नाव शिकवलं नाही, ते रमाबाईंना पुढे कळलं आणि १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण शिकवण आईच्या मांडीवर मिळते, आणि मुलीची बुद्धी वाया घालवण्यासाठी देवाने दिलेली नाही, हे त्यांनी आईकडूनच घेतलं. दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. मरणाला टेकलेल्या आईने बाजरीची भाकर मागितली, तेव्हा शेजारणीकडे तुकडा मागायला गेलेल्या रमाच्या तोंडून लाजेने शब्द फुटेना. ती भूक त्या विसरल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, ते आजही चालू आहे. आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी कशाला दिली? साध्या बायांना समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचं भाषांतर करायला.

म्हणून ज्या बहिणीला सही येत नाही तिला मी सांगते: बाई, तुझ्या तोंडात भाषा आहे. मराठी असो, गोरमाटी असो, कोलामी असो, गोंडी असो. लेकराला झोपवताना त्याच भाषेत देवाशी बोल. देवाला सगळ्या बोली कळतात. लेकराला शाळेची मराठी शिकायचीच आहे, पण घरची बोली ही लाजण्याची गोष्ट नाही, हेही ते तुझ्या प्रार्थनेतूनच शिकेल.

आता आपल्या रोजच्या कामाकडे येऊ. आमच्या वसतिगृहात एक मुलगी होती. आई आंध समाजातली, विधवा, वेचणी-निंदणावर घर चालवणारी. मुलगी नऊ वर्षांची असताना सुट्टीत आईबरोबर वेचायला गेली. वेचणीची मजुरी किलोवर. संध्याकाळी गाठोडी काट्यावर चढायची. वजन वाढावं म्हणून कोणी काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. या पोरीनेही बघून बघून एक मोठं ढेकूळ गाठोड्यात लपवलं. आईला गाठोडं उचलताना कळलं. तिने पोरीला मारलं नाही. सगळ्यांसमोर गाठ सोडली, ढेकूळ काढून बांधावर टाकलं, पुन्हा गाठ बांधली आणि म्हणाली, "माय, या ढेकळाचे पैसे आपल्याले पचणार नाहीत."

ही गोष्ट इथे संपली असती तर ती संडे स्कूलच्या पुस्तकातली झाली असती. पण पुढच्या आठवड्यात काट्यावर वजन कमी भरलं. वर्षानुवर्षं गाठोडी उचलणाऱ्या बाईला वजन हातालाच कळतं. ती मालकाला म्हणाली, "माझ्यातलं ढेकूळ मी काढलं होतं. आता तुमच्या काट्यातलं तुम्ही काढा." वजन पुन्हा झालं आणि किलो वाढले. त्यानंतर पंधरा दिवस त्या शेतात तिला कोणी कामाला बोलावलं नाही. ती रोज दुसऱ्या गावाला पायी गेली.

ही हकिकत मला आईने सांगितली नाही, मुलीने सांगितली, तीही किती वर्षांनी. आज ती नर्सिंग शिकते आहे. मी विचारलं, "प्रामाणिकपणा कोणी शिकवला?" तिने ही दोन्ही वजनं सांगितली. बघा, पोरगी दोन धडे शिकली. दुसऱ्याचं घ्यायचं नाही, आणि आपलं सोडायचं नाही. गरिबाला आपण बहुतेक वेळा पहिलाच धडा शिकवतो. नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असं सांगितलं आहे. तो तराजू मजुराचा असो की मालकाचा.

आता थोडं अवघड बोलते. राग मानू नका. आई न बोलता जे शिकवते त्यात सगळंच चांगलं असतं असं नाही. आपल्या घरात ताटं कशी वाढली जातात? आधी नवरा, मग मुलगा, मग मुलगी, आणि भांड्याच्या तळाशी उरेल ते आईचं. आपण त्याला त्याग म्हणतो. पण कोपऱ्यात बसलेली मुलगी काय शिकते? बाईच्या जातीने उरलेलं खायचं असतं, हे. मग वसतिगृहात आली तरी ती वाढून घ्यायला लाजते. रक्त तपासलं की हिमोग्लोबिन कमी. आपल्या भागात सिकलसेलचा त्रास आहे, तोही वेळेवर तपासून घ्यायला हवा. प्रभूने भाकरी मोडली तेव्हा ती सर्वांना दिली. ज्या घरात प्रभुभोजनाचा मान आहे, त्या घरात रोजची भाकरही सारखी मोडली पाहिजे. आजपासून एकदा तरी सगळे एकत्र जेवा. थोडं असेल तर थोडं. पण मुलीच्या ताटात मुलाइतकंच, आणि तुमच्या ताटातही.

नीतिसूत्रांचा ३१वा अध्याय आपल्याला सद्‍गुणी स्त्रीसाठी माहीत आहे. लग्नात तो हमखास वाचतात. पण त्याची सुरुवात कुणी वाचत नाही. तो अध्याय म्हणजे लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेले बोल आहेत. राजाची आई राजाला काय शिकवते? एक, दारूच्या नादी लागू नको. पिऊन तू न्याय विसरशील आणि दुबळ्याचा हक्क बुडेल. दोन, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तू तोंड उघड, गरिबाचा न्याय कर.

दारूने काय होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. आठवड्याच्या बाजाराच्या संध्याकाळी प्रत्येक तांड्यावर, पोडावर ते दिसतं. कायद्याने बायकांना मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद करता येतं. आडवी बाटली, उभी बाटली हे तुम्ही ऐकलं आहे. ज्या आईने ते मत दिलं, तिने मुलाला लमुएलच्या आईचे दोन्ही धडे एका दिवसात दिले. मुलाला नुसतं "पिऊ नको" म्हणून भागत नाही. पिणाऱ्या बापाचीही लाज न काढता, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करणारी आणि तरीही मजुरीचे पैसे त्याच्या हाती न देणारी आई त्याला दिसली पाहिजे.

शेवटची आई हन्ना. तिने नवस केला आणि शमुवेलाला लहानपणीच शिलोला एली याजकाकडे ठेवलं. मला वाटतं हन्ना ही वसतिगृहातल्या मुलाची आई होती. तुमच्यापैकी कितीतरी जणी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि लेकरू आश्रमशाळेत नाहीतर वसतिगृहात ठेवतात. रात्री फडावर पाठ टेकली की पहिला विचार येतो, पोर जेवलं असेल का? हन्नालाही तो येत असणार. त्यात एलीचे मुलगे वाईट वागत होते. म्हणजे लेकरू ठेवलं त्या जागी संगतही चांगली नव्हती. हन्ना रोज राखण करू शकत नव्हती. मग ती काय करायची? दरवर्षी एक लहान झगा शिवून न्यायची. विचार करा, मूल समोर नाही, माप कसं घेणार? वर्षात केवढा वाढला असेल, खांदा कुठे आला असेल, हे मनात धरूनच ती शिवत असेल. वर्षभर मुलाचा विचार केल्याशिवाय तो झगा बेताचा होणार नाही. शमुवेलाच्या अंगावर आईची आठवण होती, आणि तो वाईट संगतीतही बिघडला नाही.

लांब असलेल्या आईलाही शिकवता येतं, पण त्यासाठी लेकराला वाटलं पाहिजे की माझ्यासाठी वेगळी जागा राखली आहे. इंग्लंडात तीनशे वर्षांपूर्वी सुझाना वेस्ली नावाची आई होती. एकोणीस बाळंतपणं, पुष्कळ लेकरं लहानपणीच गेली. उरलेल्यांसाठी तिने आठवड्यातली एकेक संध्याकाळ वाटून दिली होती. गुरुवार जॉनचा. तो जॉन वेस्ली पुढे जगभर ओळखला गेला, आणि मोठा झाल्यावरही त्याला आईचा तो गुरुवार हवासा वाटत होता. तुम्हाला संध्याकाळ मिळणार नाही. पण फडावरून आठवड्यात एकदा फोन करता येतो. तेव्हा "अभ्यास कर" एवढंच बोलून ठेवू नका. काय खाल्लं, कोणाशी भांडलास, कशाची भीती वाटते, ते विचारा. मग फोनवरच दोन वाक्यांची प्रार्थना करा.

आता बंधूंनो, तुमच्याशी. लेकरू बिघडलं की "आईने बिघडवलं" असं आपण फार सहज म्हणतो. शाळा चुलीजवळ भरते खरी, पण पाणी भरणारा, लाकूड फोडणारा, लेकराला मांडीवर घेणारा बापही त्या शाळेत शिक्षक आहे. तीमथ्याच्या बापाविषयी शास्त्र गप्प आहे. तुमच्याविषयी कोणाला गप्प बसावं लागू नये.

आणि आमच्या कामाला हातभार लावणाऱ्या मंडळींना एक विनंती. तुम्ही गणवेश देता, वह्या देता, फी भरता. देव तुम्हाला आशीर्वाद देवो. हन्नाला वर्षातून एकदा तरी शिलोला जाता येत होतं. आमच्या कितीतरी आयांना हंगाम संपेपर्यंत लेकराचं तोंड दिसत नाही, कारण येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी दोन्ही परवडत नाही. मुलाच्या मदतीबरोबर त्याच्या आईच्या एका फेरीच्या भाड्याचाही विचार करा. आम्ही वसतिगृहात कितीही माया केली, तरी आईची जागा आम्हाला घेता येत नाही, आणि घ्यायचीही नाही.

आपण प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, या आयांचे हात तू पाहतोस. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले, चुलीने भाजलेले. याच हातांनी त्या आपल्या लेकरांना तुझी वाट दाखवतात. त्यांना बळ दे, पोटभर अन्न दे, आणि लांब असलेल्या प्रत्येक लेकराला तुझ्या पंखांखाली ठेव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.