भाग्य म्हणजे वाटा



स्नेहसंमेलनात पारितोषिक मिळवणाऱ्याला सहज ‘भाग्यवान’ म्हटले जाते. परंतु हा शब्द मुळात दैवाचा नसून वाटणीचा आहे. संस्कृतातील ‘भज्’ या धातूचा अर्थ वाटणे असा असून, त्यापासून ‘भाग’ आणि ‘विभाग’ हे शब्द निघाले, आणि जे वाट्याला यावयाचे ते ‘भाग्य’ ठरले. ऋग्वेदातील भग ही देवता संपत्तीचे वाटप करणारी आहे, म्हणून ‘भग’ या शब्दात सुदैव आणि धन हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. रशियन भाषेतील देववाचक ‘बोग’ आणि श्रीमंत या अर्थाचा ‘बोगाती’ हे शब्द याच कुळातले मानले जातात. अरबीतून आलेल्या ‘नशीब’ आणि ‘किस्मत’ यांचेही मूळ अर्थ वाटा आणि वाटणी हेच आहेत. ‘जाणे भाग आहे’ असे आजही म्हटले जाते, तेव्हा वाट्याला आलेले टाळता येत नाही ही जुनी जाणीवच बोलत असते.

मात्र वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्तात भग आंधळा म्हटला आहे, आणि वाटणारा आंधळा असला की वाटा मागून घ्यावा लागतो, हे नवी मुंबईतील खारघरच्या भूमीला ठाऊक आहे. १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन घेतली जाऊ लागली, त्यांत ओवे, मुर्बी, कोपरा ही खारघरमधील गावेही होती. १९८४ च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण तालुक्यातील जासई येथे झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत मिळण्याची योजना आली. ‘साडेबारा टक्के’ हा येथील घराघरांतला शब्द म्हणजे भाग्याचा आकड्यातला अर्थ होय.

याच कुळातल्या ‘सौभाग्य’ या शब्दाचा अर्थ चांगला वाटा. पण स्त्रीच्या बाबतीत तो पतीच्या हयातीपुरता आक्रसला, हा शब्दावरचा आणि स्त्रीवरचाही अन्याय होय. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः वाटा महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने, तोही तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींनाच, आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. येथील प्रत्येक विद्यार्थ्याने घरचा सातबारा किंवा भूखंडाचा कागद एकदा उघडून त्यावर आई, आत्या आणि बहीण यांची नावे आहेत का, हे पाहावे.