कागद एक, पगार तीन

चंद्रपूरला काय नि गडचिरोलीला काय, ईसीजी काढणं एकच. दहा इलेक्ट्रोड, बारा लीड, एक कागद. पगार मात्र तीन. कायम असेल त्याला वेतनश्रेणी, महागाई भत्ता. आरोग्य अभियानातल्या कंत्राटीला ठोक मानधन. एजन्सीवाल्याला मालक फेकील ते. आपली पोरं या तिसऱ्या दारात उभी, नि तिथं बिंदुनामावली कोण विचारतो?

बाबासाहेबांच्या घटनेत कलम 39 (घ) आहे: समान कामाला समान वेतन. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं पंजाबच्या खटल्यात सांगितलं, तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या नोकरालाही कायम श्रेणीतलं किमान वेतन द्या. एजन्सीचा पोरगा म्हणे सरकारचा नोकरच नाही! पेशंट सरकारी, मशीन सरकारी, हात तेवढा परका?

उद्या येताना पगाराच्या चिठ्ठ्या आणा. तिन्ही शेजारी ठेवून बघू.