कासामान्सच्या भाषा, खारेपाटाचा मांडव

अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर, सेनेगलहून आलेले पाहुणे आणि मांडवात मिळेल तिथे टेकलेली मंडळी, कासुमाय!

याला ‘कासुमाय केप’ असं उत्तर द्यायचं असतं. पाहुण्यांनी दिलं, आपल्या लोकांनी संध्याकाळपर्यंत शिकून घ्यावं.

मी भातशेती करणारा माणूस. स्वागताध्यक्षाला भाषाशास्त्र कळावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. मांडव आणि जेवण वेळेवर झालं की तो सुटला. पण कासामान्स नदीच्या मुखाशी जोला लोक शेती कशी करतात ते वाचलं आणि हे काम मी मागून घेतलं. खारफुटी काढायची, बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, पावसाने मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग भात. आपल्या बांधाला उघाडी असते, त्यांच्याकडे पोखरलेलं झाडाचं खोड. नांगराऐवजी लांब दांड्याचं, लोखंडी धारेचं लाकडी फावडं, कायेन्दो. खांड गेली की काय होतं हे त्यांना मी सांगायला नको.

खाड्यांनी चिरलेल्या या मुलखात भाषाही अनेक. बिन्योनाकडे फोन्यी, दक्षिणेला ऊसूयच्या आसपास कासा, झिगेंशोरजवळ बांजाल, किनाऱ्याला कारोन आणि क्वाताय, गिनी-बिसाऊत फेलुपे. बायोत तर इतकी निराळी की तिला जोलांत धरावं का, इथूनच वाद. सेनेगलच्या 2001 च्या राज्यघटनेत मात्र ‘जोला’ एवढं एकच नाव. सरकारला ते सोयीचं पडतं.

फोन्यीचं व्याकरण डेव्हिड सपिर यांनी 1965 मध्येच छापलं, बोलणारेही तिचेच जास्त. काल पाहुण्यांनी गोठ्यापाशी मला तिचा पहिला धडा दिला: शेळी एक असेल तर ‘एजामेन’, कळप असेल तर ‘सिजामेन’. अनेकवचन शब्दाच्या तोंडाशी! गंमत वाटली. पण एकीचीच पुस्तकं निघाली की क्वाताय म्हणजे बिघडलेली फोन्यी, असं बोलायला लोक कमी करत नाहीत. आमच्या आगरीने हे पुष्कळ ऐकलंय, म्हणून मला ते झोंबतं.

तेव्हा जोला भाषा नेमक्या किती, यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. फक्त बायोत आणि क्वातायला शेवटची दहा मिनिटं देऊ नका. त्यांचं सत्र मी हट्टाने जेवणाआधी ठेवायला लावलंय, म्हणजे कुणी उठून जाणार नाही. जेवायला तांदळाची भाकरी आणि जिताडं आहे. शाकाहारी पंगत डावीकडे.